केतुबा : कागदावर कोरलेले वचन

मुखातून निघालेला शब्द वाऱ्याबरोबर जातो. कागदावर उतरलेला शब्द मागे राहतो. म्हणून जेथे जेथे माणसाला आपल्या वचनाचे मोल अधिक वाटले, तेथे तेथे त्याने ते लिहून ठेवले. आपल्या महाराष्ट्रात पूर्वी गावातील एखाद्या तंट्याचा निवाडा झाला, की त्याचा महजर लिहिला जाई. त्यावर साक्षीदार आपली नावे घालीत. ज्यांना अक्षरओळख नसे, ते आपल्या धंद्याची खूण काढीत. शेतकऱ्याच्या नावापुढे नांगराचे लहानसे चित्र असे. अक्षर आणि चित्र ही दोन्ही एका कागदावर येऊन त्या वचनाची साक्ष देत.

अक्षर आणि चित्र यांचा असाच, परंतु याहून कितीतरी सुंदर संगम ज्यू लोकांच्या विवाहपत्रात पाहावयास मिळतो. या विवाहपत्राला ‘केतुबा’ असे म्हणतात. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लिहिलेले’ असा आहे. हा शब्द तुम्हांला परका वाटेल. पण त्याचा एक आप्त आपल्या मराठीत केव्हाच येऊन राहिला आहे. हिब्रू आणि अरबी या भगिनीभाषा होत. ज्या धातूपासून हिब्रूत ‘केतुबा’ झाला, त्याच धातूपासून अरबीत ‘किताब’ झाला. आणि तो फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला.

केतुबा ही लग्नपत्रिका नव्हे. लग्नपत्रिका पाहुण्यांना बोलावण्यासाठी असते व लग्न झाले की तिचे काम संपते. केतुब्याचे काम लग्नाच्या दिवशी सुरू होते. वराने वधूला दिलेले ते लेखी वचन असते. पत्नीला अन्नवस्त्र देईन, तिचा मान राखीन, तिचा सांभाळ करीन, असे वर त्यात मान्य करतो. एवढ्यावरच ते वचन थांबत नाही. पुढे दुर्दैवाने पती मरण पावला किंवा त्याने पत्नीला सोडले, तर तिला किती रक्कम मिळावी, हेही त्यात लिहिलेले असते. प्रथम विवाह करणाऱ्या वधूसाठी प्राचीन धर्मग्रंथांनी दोनशे ‘झूझ’ ही रक्कम ठरवून दिली आहे. झूझ हे चांदीचे जुने नाणे. ज्याच्यापाशी दोनशे झूझ आहेत त्याने गरिबांसाठी राखलेले धान्य घेऊ नये, असा त्या काळचा नियम होता. कारण तेवढ्या धनात एका माणसाचे वर्ष निभावते, असे मानीत. ही रक्कम फेडण्यासाठी वर आपली सारी मालमत्ता, अगदी अंगावरच्या वस्त्रापर्यंत, तारण म्हणून बांधून देतो.

ही भाषा कोणाला रुक्ष वाटेल. लग्नासारख्या मंगल प्रसंगी मृत्यूचा आणि ताटातुटीचा विचार कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या काळी स्त्रीच्या हाती स्वतःचे असे धन क्वचितच असे, त्या काळी हा एक कागद तिच्या मस्तकावरचे छप्पर होता. पुरुषाने रागाच्या भरात पत्नीला घराबाहेर काढू नये, काढलेच तर तिला रिकाम्या हाताने जावे लागू नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून विवाहविधीत केतुबा सर्वांसमक्ष वाचतात. दोन साक्षीदार त्यावर सह्या करतात. ते वधूवरांचे नातलग असून चालत नाही. नंतर तो कागद वधूच्या स्वाधीन करतात. तो तिचा असतो, पतीचा नव्हे. तो हरवला, तर दुसरा लिहून घ्यावा, केतुब्यावाचून पतिपत्नींनी एकत्र राहू नये, असा धर्मशास्त्राचा दंडक आहे.

या कागदाचे मोल किती होते, हे एका स्त्रीच्या हकिगतीवरून कळते. तिचे नाव बबाथा. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी ती मृत समुद्राच्या परिसरात राहत होती. पहिला पती निवर्तल्यावर तिने यहूदा नावाच्या गृहस्थाशी विवाह केला. तोही काही वर्षांनी वारला. यहूदाला आणखी एक पत्नी होती. त्यामुळे मालमत्तेविषयी वाद उभा राहिला. बबाथेने आपल्या करारपत्राच्या व कर्जाच्या आधारावर पतीच्या खजुराच्या बागा ताब्यात घेतल्या आणि त्यांचे पीक विकले. पुढे इ. स. १३२ मध्ये ज्यू लोकांनी रोमन सत्तेविरुद्ध बंड पुकारले. त्या धामधुमीत बबाथा डोंगरातील एका दुर्गम गुहेत आश्रयाला गेली. जाताना तिने आपली कागदपत्रे एका कातडी पिशवीत बांधून बरोबर नेली. तिचे पुढे काय झाले, ते इतिहासाला ठाऊक नाही. परंतु १९६१ साली यिगाएल यादिन या पुराणवस्तुशास्त्रज्ञाच्या पथकाला ती पिशवी त्या गुहेत जशीच्या तशी सापडली आणि तिच्यात बबाथेचा केतुबाही होता! संकटाच्या वेळी माणूस जे उचलून पळतो, तेच त्याला सर्वांत मोलाचे असते.

आता दूरदेशीची ही गोष्ट सोडून आपण आपल्या कोकणात येऊ. अलिबागजवळ समुद्रकाठी नवगाव नावाचे गाव आहे. फार प्राचीन काळी त्या किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले, त्यातून सात स्त्रिया आणि सात पुरुष वाचले व त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगत आले आहेत. हे महाराष्ट्रातील ज्यू लोक होत. कोकणातील खेड्यांत ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांच्या धर्मात विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांनी मराठी ही आपली मातृभाषा मानली आणि गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे घेतली. पुढे लष्कर, रेल्वे व टपाल या खात्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने त्यांची कुटुंबे निरनिराळ्या शहरांत पसरली. मुंबईत १७९६ साली सामुएल दिवेकर यांनी या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १९४८ साली इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. तरी मराठी त्यांच्या ओठांवर राहिली आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे काढले.

बेने इस्राएल लोकांच्या लग्नात आपल्या ओळखीच्या अनेक गोष्टी दिसतात. लग्नाआधी वधूला मेंदी लावतात. पोहे, नारळ, गूळ अथवा साखर आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना करतात. विवाहाच्या वेळी मात्र केतुबा वाचला जातो तो प्राचीन भाषेतच. ती भाषा आहे अरामी. ती हिब्रूची जवळची नातलग असून हिब्रू लिपीतच उजवीकडून डावीकडे लिहितात. एके काळी पश्चिम आशियात ती घरोघर बोलली जाई. सामान्य स्त्रीपुरुषांना करार समजावा, म्हणून त्यांच्या बोलण्यातील भाषेत तो लिहिण्याची रीत पडली. काळ पालटला, बोलीही पालटल्या. पण केतुब्याने आपली जुनी भाषा सोडली नाही.

करारपत्र इतके गंभीर, तर मग त्यावर वेलबुट्टी कशासाठी? याचे कारण सोपे आहे. जी वस्तू माणूस पवित्र मानतो, ती तो सुंदरही करतो. ईजिप्तमधील कैरो नगरीच्या एका जुन्या प्रार्थनामंदिरात टाकाऊ कागदपत्रांची एक खोली होती. हजार वर्षांपूर्वीच्या सुशोभित केतुब्यांचे तुकडे तेथे मिळाले आहेत. सतराव्या व अठराव्या शतकांत इटलीतील ज्यू कुटुंबे चर्मपत्रावर केतुबा लिहवून त्याभोवती कमानी, फुले, पक्षी आणि धर्मग्रंथांतील प्रसंग रंगवून घेत. काही ठिकाणी ही हौस इतकी वाढली, की केतुब्याच्या सजावटीवर अमुक रकमेहून अधिक खर्च करू नये, असे नियम समाजाला करावे लागले. भारतातील ज्यू लोकांच्या केतुब्यांवर फुलांच्या वेली, मोर आणि माशांच्या जोड्या दिसतात. शब्द दूरदेशीचे असले, तरी त्यांच्याभोवतीची बाग या भूमीतील आहे.

रंग आणि कुंचला यांच्या जोडीला आणखी एक साधन या कामी आले. ते साधन म्हणजे कात्री, अथवा धारदार पात्याचा चाकू. कागद कोरण्याची कला जगात अनेक ठिकाणी आहे. चीनमध्ये खिडक्यांवर कोरीव कागदाची चित्रे लावतात. आपल्याकडे मथुरा-वृंदावनात कोरलेल्या कागदाच्या आधाराने जमिनीवर रंग भरून ‘सांझी’ काढतात. नागपुरात तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवताना रंगीत कागदाची झालर तुम्ही स्वतः कातरली असेल. ज्यू लोकांतही ही कला जुनी आहे. स्पेनमधील शेम तोव या ज्यू कवीने १३४५ साली लेखणी आणि कात्री यांच्या वादाची एक गमतीदार कथा लिहिली. थंडी एवढी पडली, की दौतीतील शाई गोठली, लेखणी चालेना. तेव्हा त्याने कात्री हाती घेतली आणि अक्षरे कागदात कातरून काढली. मग श्रेष्ठ कोण, यावरून लेखणी आणि कात्री यांचे भांडण जुंपले! पुढे पोलंड व आसपासच्या देशांत गरीब ज्यू कुटुंबांतही कोरीव कागदाची चित्रे भिंतीवर लावीत. सोनेरी रंग आणि चर्मपत्र त्यांना परवडत नसे. पण एक कागद, एक चाकू आणि स्थिर हात यांना फारसे मोल पडत नाही.

कोरीव केतुबा करताना लेखणी आणि कात्री यांचे भांडण मिटते. लेखणी करार लिहिते आणि कात्री त्याला चौकट देते. ही चौकट प्रत्येक जोडप्यासाठी निराळी असू शकते. म्हणून कलावंत प्रथम चाकू उचलत नाही. तो प्रश्न विचारतो. वधूवरांची आणि त्यांच्या वडिलांची नावे कोणती? ती हिब्रूत कशी लिहायची? विवाह कोठे आणि कोणत्या तिथीला आहे? त्यांच्या घराण्याला प्रिय असे झाड, फूल वा स्थान कोणते? समजा, एखादा विवाह नागपुरात व्हावयाचा आहे. ज्यू लोकांत करारपत्रात गावाचे नाव लिहिताना ते कोणत्या नदीकाठी वा समुद्रकाठी वसले आहे, हेही लिहिण्याची जुनी प्रथा आहे. कारण एका नावाची गावे अनेक असतात, पण पाणी गावाची ओळख पक्की करते. मग नागपूरच्या केतुब्यात नाग नदीचा उल्लेख येईल, आणि कलावंत चौकटीच्या तळाशी नदीच्या लाटा व दोन्ही बाजूंना फळांनी लवलेल्या संत्र्याच्या फांद्या कोरील. वर्ष लिहावयाचे ते ज्यू पंचांगाप्रमाणे. त्यात जगाच्या उत्पत्तीपासून वर्षे मोजतात. त्या गणनेचे ५,७८५ वे वर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले.

यानंतर कागदाची निवड होते. लाकडाच्या लगद्याचा हलका कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. कारण त्यात आम्ल असते व ते कागदाच्या तंतूंना आतून कुरतडते. केतुबा तर आयुष्यभर टिकावयाचा. म्हणून सुती चिंध्यांपासून केलेला, आम्लरहित कागद घेतात. आपल्या जुन्नर आणि दौलताबाद येथे पूर्वी हातकागद तयार होत असे, आणि शेकडो वर्षांपूर्वीची मोडी कागदपत्रे आजही वाचता येतात, ती अशा चिवट कागदामुळेच.

कागद मधोमध दुमडून एकाच बाजूवर अर्धे चित्र काढतात. दोन्ही पदर एकत्र कापले, की घडी उघडल्यावर पूर्ण चित्र मिळते. डावीकडे मोर, तसाच उजवीकडे मोर. डावीकडे खांब, तसाच उजवीकडे खांब. दोन जीवांचे मीलन दाखविण्यास याहून सोपी युक्ती कोणती असेल? परंतु या युक्तीची एक मर्यादा आहे. घडीच्या कागदात अक्षर कापले, तर एका बाजूला ते सुलट आणि दुसऱ्या बाजूला उलट उमटते, आरशात पाहिल्यासारखे. म्हणून वेली व पक्षी घडीवर कापावे आणि अक्षरे घडी उघडून कापावी, असा क्रम ठेवतात. कराराचा मुख्य मजकूर तर कापीत नाहीतच. तो शाईने लिहितात.

कापण्याचेही शास्त्र आहे. कागद गुळगुळीत फळीवर पक्का बसवितात. प्रथम आतील बारीक छिद्रे कापतात, मग मोठे भाग आणि सर्वांत शेवटी बाहेरची कड. बाहेरची कड आधी कापली, तर कागद दुबळा होतो व आतील नाजूक काम करताना फाटतो. याहून महत्त्वाचा नियम दुव्यांचा. कोरीव चित्रातील प्रत्येक पान, प्रत्येक पाकळी कोठे तरी शेजारच्या भागाला जोडलेली असली पाहिजे. जो भाग चहूबाजूंनी कापला गेला, तो गळून पडतो. म्हणून कलावंत काय कापावयाचे याहूनही काय राखावयाचे, याचा विचार अधिक करतो. मोराची चोच फुलाला टेकलेली असते आणि फुलाचा देठ खांबाला बिलगलेला असतो. ते केवळ शोभेसाठी नव्हे, तर आधारासाठी. काम पुरे झाल्यावर मागे गडद रंगाचा कागद लावतात. मग रिकाम्या जागाच चित्र होऊन बोलू लागतात.

हे सर्व करताना कलावंताने एक गोष्ट क्षणभरही विसरावयाची नसते. केतुबा हे प्रथम करारपत्र आहे आणि मग चित्र. नावात एक अक्षर चुकले, तिथी चुकली, रक्कम अस्पष्ट झाली, तर सुंदर मोर त्या चुकीची भरपाई करू शकत नाही. म्हणून सजावट सुरू करण्यापूर्वी मजकूर धर्मोपदेशकाला दाखवून घेतात. साक्षीदारांच्या सह्यांसाठी खाली कोरी जागा ठेवतात. तेथे कागद अखंडच असावा लागतो. काही ठिकाणी तर आणखी एक सुंदर रीत आहे. वराने करार स्वीकारला असे सांगणाऱ्या शब्दात ‘कोफ’ हे हिब्रू अक्षर येते. लेखक त्या अक्षराचा एक पाय लिहावयाचा ठेवतो. विवाहाच्या दिवशी वराने साक्षीदारांसमक्ष आपली जबाबदारी पत्करली, म्हणजेच तो पाय पुरा करतात. वचन दिल्यावाचून अक्षर पूर्ण नाही!

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील लाखो ज्यू लोकांचा संहार झाला. त्यांच्या घरांबरोबर भिंतीवरील कोरीव कागदही नष्ट झाले. ही कला आता संपली, असे वाटत असतानाच त्या शतकाच्या उत्तरार्धात जेरुसलेममधील यहुदीत शादुर यांच्यासारख्या कलावंतांनी जुने नमुने अभ्यासून तिला नवे जीवन दिले. आज इस्राएल, अमेरिका इत्यादी देशांत कितीतरी कलावंत प्रत्येक जोडप्यासाठी वेगळा केतुबा कोरतात. यंत्रातील प्रकाशकिरणही आता कागद कापू लागला आहे. तो अनेक प्रती एकसारख्या काढतो. त्यामुळे ही वस्तू अनेकांच्या आवाक्यात आली, हे चांगलेच झाले. परंतु कोणत्या दोघांसाठी कोणते फूल कोरावे, हे यंत्राला कळत नाही. तो प्रश्न अजून माणसालाच विचारावा लागतो.

मुलांनो, पुढच्या वेळी पताका करण्यासाठी तुम्ही कागदाची घडी घालाल, तेव्हा एखादे पान किंवा पक्षी त्यावर काढून पाहा. आणि कापण्यापूर्वी तो कोठे जोडलेला राहील, ते ठरवा. दुवा राखला नाही, तर पक्षी हातात सुटून येईल. संसाराचीही गोष्ट अशीच आहे. कोरीव कागद कितीही नाजूक दिसला, तरी तो टिकतो. कारण त्यातील प्रत्येक लहान भाग दुसऱ्या भागाला धरून असतो. केतुबा लिहिणाऱ्यांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी प्रेमाचे वचन गोड शब्दांवर सोडून दिले नाही. ते लिहून, वाचून आणि साक्षीदारांच्या सह्या घेऊन त्यांनी वधूच्या हाती दिले, आणि त्याभोवती फुले कोरली.